अधिक खरेदीवर टप्पेवार सवलत : दरपत्रिका कशी बांधावी व संगणकावर कशी नोंदवावी

खरिपाचा हंगाम तोंडावर आला म्हणजे गावोगावच्या सहकारी संस्थांच्या व शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या विक्रीकेंद्रांवर बियाणे, पेंड, खते आणि कलमे यांची मागणी एकदम वाढते. अशा वेळी "जास्त माल घेणाऱ्यास काही सूट मिळेल काय ?" हा प्रश्न हटकून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. एक पोते विकण्यास जितका खटाटोप पडतो, त्याच्या पन्नासपट खटाटोप पन्नास पोती एकाच वेळी विकताना पडत नाही. वाचलेल्या खर्चातील काही वाटा ग्राहकास देणे हे व्यवहारास धरून आहे. परंतु ही सवलत अंदाजाने ठरविली तर संस्थेचे नुकसान होते, आणि बड्या खातेदाराकडे पाहून ठरविली तर लहान शेतकऱ्यावर अन्याय होतो. या दोन्ही गोष्टी टाळून दरपत्रिका कशी बांधावी व संगणकावर ती बिनचूक कशी नोंदवावी, याची माहिती पुढे दिली आहे.

हा विषय आताच का ?

पूर्वी संस्थेचा चिटणीस वहीत दर लिहीत असे व सूट तोंडी ठरत असे. ही स्थिती आता पालटत आहे. २००२ सालच्या कायदादुरुस्तीने शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी स्थापण्याची वाट मोकळी झाली. दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याच्या केंद्रीय योजनेचा प्रारंभ २९ फेब्रुवारी २०२० रोजी झाला. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषि पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. त्यामुळे मागणीपत्र, बिल व साठा यांच्या नोंदी संगणकावर करण्याचे काम खेड्यापर्यंत पोहोचले आहे. संगणक सांगितलेला हिशेब अचूक करतो. मात्र सांगितलेला नियमच चुकीचा असेल तर तो तीच चूक प्रत्येक बिलात तितक्याच अचूकपणे करतो. म्हणून नियम आधी कागदावर नीट ठरविणे अगत्याचे आहे.

टप्पेवार सवलत म्हणजे काय ?

खरेदीच्या प्रमाणाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यास वेगळी सवलत ठेवणे, यास टप्पेवार सवलत म्हणतात. उदाहरणार्थ, निंबोळी पेंडीच्या ५० किलोच्या पोत्याचा दर १,००० रुपये आहे असे समजू. (या लेखातील दर व खर्चाचे आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत.) एखाद्या संस्थेने पुढीलप्रमाणे टप्पे ठरविले :

१ ते ९ पोती : सवलत नाही
१० ते २४ पोती : शेकडा ३
२५ ते ४९ पोती : शेकडा ५
५० व त्यांहून अधिक पोती : शेकडा ८

वरवर पाहता ही दरपत्रिका निर्दोष वाटते; परंतु तीत दोन मोठे दोष आहेत.

पहिला दोष : टप्प्याच्या तोंडाशी पडणारा खड्डा

सवलत लागू करण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत ग्राहक ज्या टप्प्यात येतो, त्या टप्प्याची सवलत त्याच्या संपूर्ण मालास लागते. दुसऱ्या रीतीत प्रत्येक टप्प्यातील पोत्यांना त्या त्या टप्प्याचीच सवलत मिळते. प्राप्तिकराची आकारणी अशाच रीतीने होते. वरील दरपत्रिकेप्रमाणे ५० पोती घेतल्यास पहिल्या रीतीने ४६,००० रुपये पडतात. दुसऱ्या रीतीने पहिली ९ पोती पुऱ्या दराने, पुढील १५ पोती ९७० रुपयांनी, त्यापुढील २५ पोती ९५० रुपयांनी व शेवटचे एक पोते ९२० रुपयांनी, म्हणजे एकूण ४८,२२० रुपये पडतात.

विक्रीच्या सर्वसाधारण संगणक-प्रणालींत पहिली रीत वापरली जाते, कारण ती समजण्यास व बिलावर दाखविण्यास सोपी आहे. पण तिच्यात एक खड्डा असतो. ४९ पोत्यांचे, शेकडा ५ सवलत वजा जाता, ४६,५५० रुपये होतात. आणि ५० पोत्यांचे ४६,००० रुपये. म्हणजे एक पोते जास्त घेणाऱ्यास ५५० रुपये कमी द्यावे लागतात. संस्थेचे एक पोतेही गेले व पैसेही गेले. शिवाय ४९ पोती घेणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट नंतर कळली तर त्याचा संस्थेवरील विश्वास उडतो.

हा दोष शोधण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक टप्प्याच्या पहिल्या आकड्याचे बिल काढावे व त्याच्या आधीच्या आकड्याचेही काढावे. पुढील बिल मागील बिलाहून कमी येता कामा नये. वरील उदाहरणात १० आणि २५ या आकड्यांवर दोष नाही. ५० वर मात्र आहे. तेथे शेकडा ८ ऐवजी शेकडा ७ केले तरी बिल ४६,५०० रुपये होते, म्हणजे ४९ पोत्यांच्या बिलाहून ५० रुपयांनी कमीच. शेकडा ६ केल्यावर ते ४७,००० रुपये होऊन दोष जातो.

दुसरा दोष : लहान शेतकरी टप्प्याबाहेर राहतो

२०१५-१६ च्या कृषि गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर आहे. एकरी दोन पोती पेंड लागते असे धरले तर अशा शेतकऱ्याची गरज सहा-सात पोत्यांची होते. पहिली सवलत दहा पोत्यांवर ठेवल्यास या शेतकऱ्यास ती कधीच मिळणार नाही. ज्या संस्थेचे बहुसंख्य सभासद अल्प व अत्यल्प भूधारक आहेत, तिने मोजक्या बड्या खातेदारांना स्वस्त माल द्यावा व त्याचा भार लहान सभासदांच्या पुऱ्या दरावर टाकावा, हे सहकाराच्या तत्त्वाशी विसंगत आहे. म्हणून टप्पे पाडताना दहा, पंचवीस, पन्नास असे गोल आकडे घेण्याऐवजी आपल्या सभासदाच्या शेताचे माप घ्यावे.

हीच गोष्ट संत्र्याच्या कलमांबाबत पाहू. काटोल, नरखेड या तालुक्यांतील बागायतदारांना ती सहज पटेल. संत्र्याची लागवड ६ मीटर × ६ मीटर अंतरावर केल्यास हेक्टरी २७७ झाडे बसतात, म्हणजे एकरी सुमारे ११०. पहिली सवलत ५०० कलमांवर ठेवली तर ती सुमारे १.८ हेक्टर नवी लागवड एकदम करणाऱ्यासच मिळेल. तीच १०० कलमांवर ठेवल्यास एक एकर लावणाराही तीत येतो. २५० कलमांवर दुसरा टप्पा ठेवल्यास एक हेक्टर लावणाऱ्यास तो मिळतो. नांग्या भरण्यासाठी दहा-वीस कलमे नेणाऱ्यास मात्र पुरा दर लावणे योग्य होय.

सवलत किती द्यावी ?

सवलत नेहमी वाचलेल्या खर्चातून द्यावी. वरील पोते गोदामात येईपर्यंत संस्थेस ९०० रुपयांस पडते असे समजा; म्हणजे पोत्यामागे फरक १०० रुपयांचा. सुटी विक्री करताना साठवण, हमाली, नोकरपगार व लिखापढी मिळून पोत्यामागे ४५ रुपये खर्च होतो. मध्यम खरेदीत तो ३० रुपये व पन्नास पोती थेट मालमोटारीवरून उतरविल्यास २० रुपये होतो. आता सवलत दिल्यावर संस्थेकडे पोत्यामागे काय उरते ते पाहू :

सुटी विक्री, सवलत नाही : १०० वजा ४५, उरले ५५ रुपये
शेकडा ३ सवलत : ७० वजा ४५, उरले २५ रुपये
शेकडा ५ सवलत : ५० वजा ३०, उरले २० रुपये
शेकडा ६ सवलत : ४० वजा २०, उरले २० रुपये
शेकडा ८ सवलत : २० वजा २०, उरले शून्य

यावरून शेकडा ८ सवलत संस्थेस परवडणारी नाही हे उघड आहे. पोती फाटणे, वजनात घट येणे, माल शिल्लक राहणे यांची भरपाई या उरलेल्या रकमेतूनच करावयाची असते. दोन्ही दोष दूर करून सुधारलेली दरपत्रिका अशी होईल :

१ ते ५ पोती : सवलत नाही
६ ते १९ पोती : शेकडा ३
२० ते ४९ पोती : शेकडा ५
५० व अधिक पोती : शेकडा ६

रोख रक्कम देणाऱ्यास वेगळी सवलत द्यावयाची असल्यास ती या हिशेबात मिसळू नये. शेकडा ६ नंतर रोखीची शेकडा २ सवलत दिली तर १,००० रुपयांचे आधी ९४० व नंतर ९२१ रुपये २० पैसे होतात, आणि संस्थेकडे पोत्यामागे फक्त १ रुपया २० पैसे उरतात. दोन सवलती एकत्र द्यावयाच्या की नाहीत, व दिल्यास आधी कोणती, हे संचालक मंडळाने ठराव करून ठरवावे.

संगणकावर नोंद कशी करावी ?

येथे दोन प्रणालींची नावे केवळ उदाहरणादाखल घेतली आहेत. पहिली टॅली. दुकानांत व संस्थांत ती बरीच प्रचलित आहे. तीत एफ ११ ही कळ दाबून 'मल्टिपल प्राइस लेव्हल्स' ही सोय प्रथम चालू करावी. बिलात सवलतीचा स्वतंत्र रकाना दिसावा म्हणून 'डिस्काउंट कॉलम'ची सोयही चालू करावी. नंतर दरपातळीस नाव द्यावे, उदाहरणार्थ 'सभासद'. त्या पातळीच्या दरपत्रिकेत कोणत्या तारखेपासून दर लागू आहे ती तारीख, प्रमाण, दर व सवलतीचा शेकडा हे रकाने भरावयाचे असतात.

प्रमाणाच्या रकान्यात 'फ्रॉम' व 'लेस दॅन' अशी दोन घरे आहेत. 'लेस दॅन' याचा अर्थ 'त्याहून कमी' असा आहे. म्हणून दुसऱ्या टप्प्यात ६ पासून १९ असे न लिहिता ६ पासून २० हून कमी असे लिहावे लागते. तेथे १९ लिहिल्यास १९ पोती घेणारा त्या टप्प्यातून बाहेर पडतो.

दुसरी प्रणाली ईआरपीनेक्स्ट. ती मुंबईच्या फ्रॅपे या संस्थेने तयार केली असून तिचा मूळ आराखडा सर्वांस खुला आहे. तीत 'प्राइसिंग रूल' नावाचा नियम प्रत्येक टप्प्यासाठी करावा लागतो. त्यात किमान प्रमाण व कमाल प्रमाण अशी घरे असतात व दोन्ही आकडे त्या टप्प्यात धरले जातात. येथे ६ ते १९, २० ते ४९ असेच लिहावयाचे. परंतु माल क्विंटलच्या अपूर्णांकात विकला जात असेल, तर १९.५ हे प्रमाण दोन टप्प्यांच्या मधल्या फटीत पडते व त्यास कोणतीच सवलत लागत नाही. तेव्हा अशा मालासाठी कमाल प्रमाण १९.९९९ असे लिहावे. एकाच मालास दोन नियम लागू पडत असतील तर प्रत्येकास अग्रक्रमाचा आकडा द्यावा. न दिल्यास प्रणाली अडते. नियमाची सुरुवातीची व अखेरची तारीखही अवश्य भरावी, म्हणजे खरिपाची सवलत रब्बीत चालू राहणार नाही.

नेहमी होणाऱ्या चुका

(१) मापाची चूक : टप्पे पोत्यांत ठरविले, पण प्रणालीत मालाचे माप किलोग्रॅम असेल, तर ५० हा आकडा ५० किलो असा वाचला जातो. मग एक पोते नेणाऱ्यासही शेकडा ६ सवलत मिळते. सुट्या विक्रीत संस्थेकडे ५५ रुपये उरावयाचे, तेथे ६० रुपये सवलतीत जाऊन उलट ५ रुपयांची खोट येते. अशी हजार सुटी पोती विकली तर ५५,००० रुपये उरण्याऐवजी ५,००० रुपये तोटा होईल. सर्व पोती सारख्या वजनाची नसतात हेही ध्यानात ठेवावे. युरियाचे पोते ४५ किलोचे व डीएपीचे ५० किलोचे असते.

(२) एकच माल दोन ओळींत : २५ पोती एका शेतावर व २५ दुसऱ्या शेतावर पोहोचवावयाची म्हणून मागणीपत्रात दोन ओळी लिहिल्या, तर साधारणतः प्रत्येक ओळ स्वतंत्र धरली जाते व ५० ची सवलत मिळत नाही. माल एका ओळीत लिहून पोहोचविण्याचे ठिकाण शेऱ्यात लिहावे.

(३) मागणी एक, उचल दुसरी : शेतकऱ्याने ५० पोत्यांची मागणी नोंदविली व ३० च उचलली, तर सवलत कोणत्या टप्प्याची ? याचे उत्तर मागणीपत्रावरच छापलेले असावे. "ठरलेल्या तारखेपर्यंत उचललेल्या एकूण मालावर सवलत ठरेल" अशी स्पष्ट अट असल्यास तंटा होत नाही.

(४) हाताने बदललेली सवलत : बिल करणाऱ्यास सवलतीचा आकडा बदलण्याची मुभा असेल, तर दरपत्रिकेस अर्थ उरत नाही. हा अधिकार फक्त चिटणीस अथवा व्यवस्थापक यांजकडे ठेवावा व बदलाचे कारण लेखी नोंदवावे.

(५) कराची आकारणी : वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू आहे. विक्रीच्या वेळी बिलात दाखविलेली सवलत वजा करून उरलेल्या रकमेवर कर आकारावयाचा असतो. एखाद्या मालावर शेकडा ५ कर असेल, तर ५० पोत्यांच्या वरील बिलात तो ४७,००० रुपयांवर, म्हणजे २,३५० रुपये होईल. ५०,००० रुपयांवर आकारल्यास ग्राहकाचे १५० रुपये विनाकारण जातात. म्हणून सवलत बिलातच दाखवावी. मागाहून रोख परत देऊ नये.

कोणत्या मालास टप्पे लावू नयेत ?

युरियाची कमाल विक्री किंमत शासन ठरविते व विक्रेत्याचा वाटा अल्प असतो. अनुदानित खतांची विक्री यंत्रावर खरेदीदाराची ओळख पटवूनच करावयाची असते. अशा मालात जास्त उचलीस उत्तेजन देणे हितावह नाही. टंचाईच्या दिवसांत त्याने साठेबाजीच वाढते. तसेच "युरिया हवा असेल तर अमुक औषधही घ्या" अशी जोडअट सवलतीच्या नावाखालीही घालू नये. कपाशीच्या बीटी बियाण्याचीही कमाल किंमत शासन ठरविते. तीवर चढा दर लावून मग सवलत दाखविणे हा गुन्हा ठरतो. पेंड, गांडूळ खत, कलमे यांसारख्या मालास टप्पेवार सवलत अधिक शोभते.

लहान शेतकऱ्यांनी काय करावे ?

यावर सर्वांत उत्तम उपाय म्हणजे गटाची एकत्र मागणी. दहा शेतकऱ्यांना प्रत्येकी ५ पोती हवी आहेत. प्रत्येकाने वेगळी खरेदी केल्यास प्रत्येकास ५,००० रुपये व सर्वांना मिळून ५०,००० रुपये पडतात. तीच मागणी एकत्र केल्यास ४७,००० रुपये पडतात, म्हणजे माणशी ३०० रुपये वाचतात. संस्थेसही मालमोटार एकाच ठिकाणी रिकामी करता येते व किती माल मागवावा याचा अंदाज आधीच येतो.

येथे एक अडचण येते. बिले जर दहा जणांच्या नावे वेगवेगळी केली, तर संगणक प्रत्येकाची ५ पोतीच पाहतो व सवलत देत नाही. यावर दोन मार्ग आहेत. एक, मागणीपत्र व बिल गटाच्या नावे करावे आणि वाटणीची यादी गटप्रमुखाने ठेवावी. दुसरा, 'गट' नावाची वेगळी दरपातळी करून त्या दहा सभासदांच्या खात्यांस ती जोडावी, म्हणजे प्रत्येकाच्या बिलात गटाची सवलत आपोआप येईल. दुसऱ्या मार्गात प्रत्येकाजवळ स्वतःच्या नावाची पावती राहते, हा मोठा लाभ होय. बियाण्याविषयी तक्रार करावयाची झाल्यास हीच पावती उपयोगी पडते. मात्र गटाची एकूण मागणी खरोखर टप्प्याइतकी आहे याची सह्यांची यादी पाहिल्यावरच ही पातळी जोडावी व हंगाम संपताच काढून टाकावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घ्यावा. पेरणीपूर्वीच्या सभेत गटवार मागणीची यादी करून ती संस्थेकडे वेळेत पोहोचविणे, हे त्यांच्याकडून सहज होण्याजोगे काम आहे.

हंगामापूर्वीची चाचणी

दरपत्रिका नोंदवून झाली की विक्री सुरू करण्यापूर्वी सहा नमुना मागणीपत्रे करून पाहावीत. सुधारलेल्या दरपत्रिकेप्रमाणे कर सोडून रकमा अशा आल्या पाहिजेत :

५ पोती : ५,००० रुपये
६ पोती : ५,८२० रुपये
१९ पोती : १८,४३० रुपये
२० पोती : १९,००० रुपये
४९ पोती : ४६,५५० रुपये
५० पोती : ४७,००० रुपये

यांपैकी एकही रक्कम चुकली तर टप्प्याचे आकडे, माप व तारीख ही तीन घरे पुन्हा तपासावीत. दोष बहुधा तेथेच सापडतो. चाचणीची मागणीपत्रे नंतर रद्द करण्यास विसरू नये, नाहीतर साठ्याचा हिशेब चुकेल.

हीच दरपत्रिका मोठ्या अक्षरांत लिहून विक्रीकेंद्राच्या दर्शनी भागी लावावी. शेतकरी बंधु-भगिनींनीही बिल हाती येताच पोत्यांची संख्या, दर, सवलतीचा शेकडा व कर हे चार आकडे फलकाशी ताडून पाहावेत. शंका आल्यास ती तेथेच विचारावी; बिल संगणकाने केले आहे म्हणून ते बरोबरच असेल असे समजू नये. फलकावरील दर व बिलातील दर एकच आहेत हे प्रत्येक सभासदास स्वतः पडताळता आले, तर सवलतीविषयी कुजबुज राहणार नाही, आणि पुढील हंगामात गटाची मागणी गोळा करणेही सुलभ होईल.